आई-बाबांचं ग्रीन कार्ड: तिकडे जाऊन भरायचं की मुंबईतून?

मुलगी अमेरिकेची नागरिक झाली की आमच्या पार्ल्यात पुढचा विषय ठरलेला असतो, आई-बाबांचं ग्रीन कार्ड. नागरिक मुलांच्या आईवडिलांना कोटा नाही, त्यामुळे भावंडांसारखी पंधरा-पंधरा वर्षांची रांगही नाही. दहा वर्षांचा टुरिस्ट व्हिसा बहुतेकांच्या पासपोर्टवर आधीच असतो. मग त्या व्हिसावर जाऊन तिथेच आय-४८५, म्हणजे अमेरिकेत राहून ग्रीन कार्ड मागायचा फॉर्म, भरावा, की मुलीचं पिटिशन (आईवडिलांसाठी तिने भरायचा आय-१३०) मुंबईच्या कॉन्सुलेटकडे येऊ द्यावं आणि मधल्या काळात पाहुण्यासारखं जाऊन-येऊन राहावं? माझ्या साडूंनी पहिला मार्ग धरला, आम्ही दुसरा.

साडूंच्या मार्गाचे फायदे खरेच आहेत. बीकेसीतल्या कॉन्सुलेटची मुलाखत नाही, इथला पोलिस दाखला नाही. अर्ज दाखल झाला की आय-९४ वरची, म्हणजे प्रवेशाच्या नोंदीवरची, सहा महिन्यांची मुदत उलटली तरी निकालापर्यंत तिथे राहता येतं. नातवंडं रोज समोर. खर्च मात्र जास्त: २०२४ च्या दरपत्रकात आय-४८५ ला माणशी १,४४० डॉलर आहेत, तर कॉन्सुलेटच्या इमिग्रंट व्हिसाला ३२५.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. विमानातून उतरतानाच कायमचं राहायचं मनात असेल आणि काउंटरवर ‘फिरायला आलोय’ म्हणून सांगितलं, तर ती खोटी माहिती ठरते आणि प्रकरण कायमच्या प्रवेशबंदीपर्यंत जाऊ शकतं. साडूंचं तसं नव्हतं. ते खरोखरच उन्हाळ्यापुरते गेले होते. तिथे असताना अँजिओप्लास्टी करावी लागली आणि मग मुलाने आग्रह धरला. फ्लॅट भाड्याने देऊन, सामान बांधून टुरिस्ट व्हिसावर निघणाऱ्याला मी हा रस्ता सुचवणार नाही.

माझं मत पक्कं झालं ते मात्र वेगळ्याच कारणाने. आय-४८५ प्रलंबित असताना अमेरिकेबाहेर जायचं तर आधी ‘अॅडव्हान्स परोल’, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी, हातात लागतो. तो न घेता विमानात बसलात, तर सरकार तुमचा अर्ज सोडून दिला असं धरतं. कागदावर ही एक ओळ आहे. आमच्या घरात तिचा अर्थ कळला तो गिरगावच्या सासूबाई बाथरूममध्ये पडल्या तेव्हा. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया ठरली. माझी बायको तासाभरात हॉस्पिटलमध्ये होती. तिची बहीण, म्हणजे साडूंची बायको, न्यू जर्सीत परोलची वाट बघत होती. तातडीचा परोल मागता येतो, पण त्यासाठी डॉक्टरांचं पत्र, अपॉइंटमेंट, आणि तरीही हो म्हणतीलच याची खात्री नाही. ती रोज रात्री फोन करून विचारायची, ‘आई काय म्हणतेय? माझं नाव काढते का?’ परोल आला तोवर सासूबाई वॉकर धरून घरी परतल्या होत्या. सगळं नीट झालं, तरी ते आठवडे मेव्हणीने कसे काढले हे आम्ही पाहिलंय. ऐंशी-नव्वदीची माणसं मुंबईत मागे असतील, तर या एका अटीला बाकी सगळ्या सोयींपेक्षा जास्त वजन द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

शिवाय आता निम्म्या पार्ल्यात रिडेव्हलपमेंट चालू आहे. करारनाम्याच्या नोंदणीला सही-अंगठा लागतो. परदेशातून मुखत्यारपत्र पाठवता येतं, पण ते इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यायचं, आणि त्यासाठी धावणारं कुणीतरी इथे हवं.

मुंबईचा मार्ग सोपा आहे असं नाही. आमच्या पिढीच्या जन्मदाखल्यात बाळाचं नावच नसतं, किंवा जन्माची नोंदच सापडत नाही. मग पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला आणि नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जमवावी लागतात. त्यातच माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. पुढे पासपोर्ट कार्यालयाचा पीसीसी (पोलिस दाखला), ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडे एक्स-रे आणि लसी, शेवटी बीकेसी. कष्ट आहेत, पण या सगळ्या काळात पासपोर्ट आपल्या कपाटात असतो आणि कुठेही जायची मुभा असते.

मधल्या काळात टुरिस्ट व्हिसावर जाता येतं का, हे सगळेच विचारतात. जाता येतं. पिटिशन टाकलं म्हणून जुना व्हिसा आपोआप रद्द होत नाही. आम्ही दिवाळीनंतर गेलो आणि संक्रांतीच्या आत परतलो. नेवार्कच्या अधिकाऱ्याने पिटिशनबद्दल विचारलं, तेव्हा लेकीने अर्ज केलाय आणि तो मुंबईतून पूर्ण करणार आहोत, असं सरळ सांगितलं, परतीचं तिकीट दाखवलं. प्रत्येकाला असा समजूतदार अधिकारी भेटेल, असं मी म्हणू शकत नाही. आत सोडायचं की नाही, किती दिवसांसाठी, हे त्याच्याच हातात. दर वेळी पूर्ण सहा महिने राहणं मात्र टाळावं. आणि व्हिसा संपलेला असेल, तर नव्या अर्जात पिटिशनचा प्रश्न येतोच. खरं उत्तर द्यायचं आणि नकाराची तयारी ठेवायची.

साडूंचा मार्ग चुकीचा म्हणणार नाही. आई एकटी असेल, इकडे मागे कुणी नसेल, आणि तिकडे गेल्यावर तब्येतीने बेत बदलायला लावला, तर वकिलाला विचारून तोच बरा. बाकीच्यांनी मुंबई धरावी.

निर्णय उशिरापर्यंत लांबवू नका, कारण आय-१३० भरतानाच फॉर्म विचारतो की पुढचा अर्ज अमेरिकेत करणार की बाहेरच्या कॉन्सुलेटमध्ये. तिथे अमेरिका लिहून नंतर विचार बदलला, तर फाइल इकडे आणायला आय-८२४ नावाचा वेगळा अर्ज आणि वेगळी फी लागते. आणि आई-वडिलांची पिटिशनं दोन स्वतंत्र असतात. मुलीने दोन्ही फॉर्ममध्ये त्या रकान्यात मुंबईच लिहिलंय ना, हे पाठवण्याआधी स्वतः वाचून घ्या.