शॅडो २ च्या स्लाइडवरचे खवले: आठ महिने आणि साडेसहा हजार राउंडनंतर

परवा रात्री माझं शॅडो २ (सीझेड कंपनीचं पिस्तूल) साफ करताना स्लाइडवर, म्हणजे वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागावर, कोरून घेतलेल्या खवल्यांच्या नक्षीत केशरी ठिपके दिसले. आधी वाटलं, गोळीच्या तांब्याचा कण असेल. टूथपिकने खरवडलं, तर काडीच्या टोकाला गंज. मोजलं: उजव्या बाजूच्या अकरा खवल्यांत, डाव्या बाजूच्या फक्त दोनांत. हा फरक का, तेही लगेच कळलं. मी उजव्या हाताने मारतो, म्हणजे स्लाइड डाव्या हाताने वरून धरून ओढतो. घामेजलेली चार बोटं नेमकी उजव्या बाजूला बसतात.

दुकानातून स्लाइडवर काय काय करून घेतलं होतं ते एकदा सांगतो. पुढे आणि मागे माशाच्या खवल्यांसारख्या खाचा, पुढच्या भागात दोन्ही बाजूंना तीन-तीन खिडक्या, माथ्यावर चकाकी येऊ नये म्हणून बारीक आडव्या रेघा, आणि सगळ्यावर काळं सिरॅमिक कोटिंग. घरच्या काट्यावर स्लाइड ३४ ग्रॅमने उतरली. १३३० ग्रॅमच्या पिस्तुलात ३४ ग्रॅम म्हणजे काय, हा हिशोब मी तेव्हा केला नाही. फोटो बघितले आणि पाघळलो.

निमित्त मात्र खरं होतं. सीझेडच्या ठेवणीत स्लाइड फ्रेमच्या आत धावते, त्यामुळे बोटांना धरायला पट्टी मिळते ती जेमतेम. कारखान्याच्या खाचा असतात, पण हात ओले झाले की पकड निसटते. खवल्यांनी ती पकड दिली का? दिली. जरा जास्तच दिली. पहिल्या दिवशी ड्राय फायरच्या (गोळीविना सरावाच्या) वेळी पन्नासेकदा स्लाइड ओढल्यावर तर्जनीच्या पेराचं साल निघालं. प्रत्येक खवल्याची कड कोरी करकरीत होती, कोरताना कडेवर राहिलेली धार (बर) काढायची तसदी कोणी घेतली नव्हती. दुकानात फोन केला, तर म्हणे, "वापरून वापरून बसेल." काय बसेल, कड की माझं बोट?

पहिला महिनाभर तरी मी भेटेल त्याला सांगत होतो की पिस्तूल बदललंय. नळी कमी उसळते, स्लाइड बंद होताना नाक खाली झुकत नाही, पुढच्या साइटचा (नेम धरायच्या खुणेचा) फायबर उठून जागच्या जागी येतो. यातलं खोटं काही नव्हतं, पण श्रेय चुकीच्या खात्यावर मांडलं होतं. स्लाइड हलकी झाली म्हणून मी त्याच आठवड्यात रिकॉइल स्प्रिंगही (स्लाइड परत पुढे आणणारी) ११ पाउंडाची टाकली होती. तिसऱ्या महिन्यात क्लबातल्या मित्राची न कोरलेली शॅडो २ घेतली, तिच्यात तीच स्प्रिंग बसवली, आपलेच १२४ ग्रेन वजनाच्या गोळीचे राउंड भरले आणि टायमर लावला. सहा-सहा गोळ्यांच्या दहा फेऱ्या. माझे स्प्लिट (दोन गोळ्यांमधला वेळ) ०.२१ सेकंद, त्याच्या पिस्तुलावरही ०.२१. नाक झुकणंही तेवढंच. नळी उघडी पाडून जे साधलं म्हणून मी मिरवत होतो, ते स्प्रिंगच्या एका वेटोळ्यात होतं. हलकी स्लाइड हातात वेगळी वाटत नाही असं नाही, पण माझ्या वेगाच्या माणसाला ३४ ग्रॅम पकडता येत नाहीत. ज्याला येतात त्याने खुशाल कोरावं.

खिडक्यांची भीती सगळे घालतात. माती जाईल, खडा जाईल, स्लाइड अडकेल. आठ महिन्यांत एकदा गेला खडा, झोपून मारायच्या स्टेजवर. स्लाइड बंद होता होता केसभर उघडी राहिली. मागून थाप मारली, बसली. खिडक्यांबद्दल माझं एवढंच.

खवल्यांबद्दल मात्र अजून बोलायचंय. सरळ खाच असेल तर जुना टूथब्रश दोनदा फिरवला की काम होतं. खवला म्हणजे एका बाजूने उतरत गेलेली वाटी आणि तिच्या टोकाला बंद कोपरा. काजळी, तेल, होल्स्टरची भुकटी, बोटांचा मळ, सगळं त्या कोपऱ्यात जाऊन बसतं आणि ब्रशचे केस तिथवर पोचत नाहीत. एकूण ५२ खवले आहेत. मॅचहून आल्यावर माझी पाऊण तासाची सफाई आता सव्वा तासाची झालीय आणि वरचा अर्धा तास निव्वळ काडीने कोपरे कोरण्यात जातो. फोटोत हे दिसत नाही. फोटोतली स्लाइड कायम नुकतीच पुसलेली असते.

आणि गंजाचं कारणही तो कोपराच, असा माझा अंदाज. कोटिंगआधी ब्लास्टिंग (बारीक कणांचा मारा) करतात ते पृष्ठभाग खरखरीत व्हावा आणि थर धरून राहावा म्हणून. बंद कोपऱ्यात ब्लास्टिंग नीट पोचलं नसणार. वर पंचवीसेक मायक्रॉनचा थर बसला खरा, पण नुसता टेकून. घाम शिरला, थर सुटला, खाली उघडं पोलाद. नायट्रायडिंग (पोलादात नायट्रोजन मुरवणं) केलं असतं तर ही पाळी बहुधा आली नसती, कारण तिथे वर थर चढत नाही, पोलादाचा पृष्ठभागच कडक होतो, कोपऱ्यासकट. पण ते कातकामानंतर व्हायला हवं, आणि मी स्वस्तातला पर्याय निवडला. हे माझ्या पदरात.

दुकानाचं उत्तर: "डेकोरेटिव्ह कामाला वॉरंटी नसते, तेल लावत जा." तेल मी लावतोच. तेल लावल्यावर त्या कोपऱ्यात काजळीचा लगदा होतो, तो कोणी काढायचा?

आता गुणांचं. कोरलेली स्लाइड आयपीएससी या नेमबाजी संघटनेच्या प्रॉडक्शन गटात, म्हणजे जवळपास मूळ स्थितीतल्या पिस्तुलांच्या गटात, चालत नाही. मला हे माहीत होतं, तरी केलं, म्हणून तक्रार नाही, फक्त हिशोब मांडतो. शॅडो २ लोक घेतात तीच प्रॉडक्शनसाठी. मी गेलो स्टँडर्ड गटात. तिथे मेजर, म्हणजे जोरदार गोळीचा दर्जा, मिळवायला किमान १० मिमीची गोळी लागते, त्यामुळे माझी ९ मिमी मायनरच, म्हणजे खालच्या दर्जाची. लक्ष्याच्या मधल्या भागाला, म्हणजे अल्फाला, मेजरवाला आणि मी दोघांनाही ५. त्याबाहेरच्या चार्लीला मेजरवाल्याला ४, मला ३. सगळ्यात बाहेरच्या डेल्टाला त्याला २, मला १. गेल्या मॅचला माझे ३१ चार्ली आणि ४ डेल्टा होते. म्हणजे तेच नेम, तीच भोकं, आणि ३५ गुण कमी. प्रत्येक खवल्यामागे पाऊण गुणाहून थोडा कमी पडला म्हणायचा.

एवढं बोलून झालं तरी एक गोष्ट कबूल करायला हवी. पाचव्या महिन्यात एका मॅचला पाऊस होता. हात चिंब, आणि गोळीची रिकामी पुंगळी इजेक्शन पोर्टमध्ये (ती बाहेर पडते त्या तोंडात) उभी अडकली. पहिल्याच झटक्यात स्लाइड मागे आली. माझ्या पुढच्या शूटरची हीच गत झाली होती, त्याचे दोन झटके निसटले आणि तो तिथेच वैतागला. त्या दिवशी मी खवल्यांना शिव्या दिल्या नाहीत. गंज दिसेपर्यंतचे पुढचे तीन महिनेही फारशा दिल्या नाहीत, खरं सांगायचं तर.

शिवाय कडांचा प्रश्न मीच मिटवला. बारीक कानशीने प्रत्येक कड एकदाच हलकी ओढली, वरून ६०० नंबरचा पेपर. दोन संध्याकाळी गेल्या. कडांचं काळं कोटिंग गेलं, खवल्यांना राखाडी किनार आली. मित्र म्हणतो जुनाट दिसतं. मला आधीपेक्षा बरं दिसतं, आणि साल निघत नाही. हे काम दुकानाने दहा मिनिटांत केलं असतं.

पुन्हा करायचं झालं तर सरळ, तिरक्या, दोन्ही टोकांना उघड्या खाचा घेईन, खिडक्या घेणार नाही, आणि पैसे कोटिंगवर घालीन. खवले नकोत. ज्याला हवेतच, त्याने एक खवला आधी भंगार तुकड्यावर कोरून मागावा, त्यात ग्रीस भरावं आणि ब्रशने साफ करून बघावा.

सध्या गंज पितळी सुईने काढून कोपऱ्यांत मेण भरलंय. तेलापेक्षा टिकतंय, निदान दोन आठवडे तरी. उन्हात काय होतं ते शनिवारी कळेल.