सात महिने ई-रीडर वापरून झालं, ऊन, धूळ, एसटी सगळं बघून लिहितोय

दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला, सहा इंची, काळापांढरा, कडेनं लाईट असलेला साधा ई-रीडर. कंपनीचं नाव टाकत नाही, पुढं तक्रारी पण आहेत म्हणून. घ्यायचं कारण एकच, मी नोकरीसाठी रोज परभणी-जिंतूर येजा करतो आणि फोनवर पुस्तक उघडलं की तिसऱ्या पानाला व्हॉट्सॲप वाजतं, मग ते बघायला गेलं की रील, आणि रील बघता बघता वाटेतलं बोरी गाव कधी आलं ते कळत नाही. जाडजूड फँटसी वाचायची सवय कॉलेजपासूनची, पण असली हजार पानांची पुस्तकं डब्याच्या पिशवीत कोंबून उभ्यानं वाचणं काही जमत नव्हतं.

पहिल्या आठवड्यात कंडक्टर मामांनी विचारलं, "काय वो साहेब, पाटी घेऊन बसलाव का?" मी म्हणलं पुस्तक आहे ह्यात. ते म्हणले, "रील लागत नाहीत? मग कशाला घेतलं?" त्यांना वाटलं मला कुणीतरी फसवलं. आता सात महिन्यांनी सांगतो, रील लागत नाहीत हेच ह्याचं सगळ्यात भारी फीचर आहे. ब्राउझर आहे म्हणे त्यात, पण इतका रडतखडत चालतो की माणूस स्वतःच कंटाळून पुस्तकाकडं परत येतो.

पडद्याबद्दल लई लोक विचारतात म्हणून थोडं सविस्तर. ह्यात फोनसारखा मागून उजेड येत नाही. पडद्यात बारीक बारीक कुप्या असतात, त्यात काळे-पांढरे कण, विजेनं ते वरखाली होतात आणि अक्षर उमटतं, एकदा उमटलं की ते तसंच ठेवायला वीज लागत नाही, फक्त पान उलटताना लागते. म्हणून बॅटरी मला रोज दीड-दोन तास वाचून तीन आठवडे जाते, लाईट बारीक ठेवला तर जास्त. आमच्याकडं उन्हाळ्यात लाईटचा काय भरवसा नसतो, फोन, पंखा, इन्व्हर्टर सगळे माना टाकतात, हे मात्र चालू. आणि उन्हात तर विचारू नका, एसटीच्या खिडकीत थेट ऊन पडलं की फोन नुसता आरसा होतो, हे उलट जास्त ठळक दिसतं. शेतात आंब्याखाली पण वाचलंय, मस्त.

पण ऊन वेगळं आणि उष्णता वेगळी, हे मला मे महिन्यात कळलं. दुपारी गाडीच्या डिकीत विसरलो, परभणीचं ऊन तुम्हाला माहिती आहे, संध्याकाळी काढलं तर अर्ध्या पडद्यावर आधीच्या पानाची राखाडी भुतं बसलेली. रात्री गार झाल्यावर चार-पाच वेळा पूर्ण रिफ्रेश मारलं तेव्हा गेली. नंतर बसून मॅन्युअल वाचलं तर त्यात ३५ अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलेलं. ३५ म्हणजे आमच्याकडं फेब्रुवारी संपता संपताच येतं हो. कस्टमर केअरच्या मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली सर थंड जागेत ठेवा. बरं ताई.

आता फँटसीसाठी कसं आहे. वाचायला झकास, पण तीन गोष्टी त्रास देतात. पहिली नकाशा. ह्या प्रकारातल्या पुस्तकाला पुढं नकाशा नसेल तर ते पुस्तकच नाही अशी रीत पडलीय, टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला नकाशा तर त्याच्या पोरानं, ख्रिस्तोफरनं काढलेला, १९५४ साली छापलेला, इतका बारीक आणि सुंदर की कागदावर भिंग लावून बघावं. सहा इंची पडद्यावर तो मुंग्यांची रांग दिसतो. झूम केलं की पडदा पाच वेळा उघडझाप करतो, तोवर आपण कुठली नदी शोधत होतो तेच विसरतं. मी शेवटी नकाशाची कागदावर प्रिंट काढली आणि कव्हरच्या खिशात घडी करून ठेवली, म्हणजे बघा, इतक्या हजारांच्या मशिनीत कागद.

दुसरी गोष्ट टक्केवारी. कागदी पुस्तकात उजव्या हाताखालची जाडी सांगते अजून किती राहिलंय. इथं नुसता आकडा. त्याच गोष्टीच्या तिसऱ्या भागात खाली बराच आकडा बाकी दिसत होता, मी निवांत, म्हणलं अजून लई घडामोडी व्हायच्यात, आणि पान उलटलं तर गोष्ट खल्लास! राहिलेलं सगळं परिशिष्ट, वंशावळी, सनावळ्या, कुठल्या राजाचा कोण पणजोबा. देवळाची पायरी समजून पाय टाकावा आणि खाली सपाट जमीन लागावी तसं झालं.

तिसरी डिक्शनरी, ही अर्धी तक्रार अर्धं कौतुक. इंग्रजी-मराठी कोश त्यात नाहीच, इंग्रजी-हिंदी आहे, त्यावर भागवा. लेखकानं स्वतः बनवलेल्या शब्दांवर बोट दाबलं की मशीन बिचारं गप्प. पण जुने किल्ल्यांचे, चिलखतांचे शब्द बरोबर सांगतं. एकदा भुयाराचा प्रसंग वाचत होतो, तिथं दाबून दाबून अर्थ बघताना मला एकदम शाळेची देवगिरीची सहल आठवली. किल्ल्यात वर जायची ती अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट, गाईडनं मशाल विझवली आणि वटवाघळांचा तो वास, मग त्यानं सांगितलं की शत्रू आत शिरला की वरच्या तोंडाला लोखंडी झाकण तापवून धूर कोंडायचे. म्हणजे आपल्या जिल्ह्यांमध्ये हे असलं तयार पडलेलं असताना मी परक्या देशाच्या भुयारात डिक्शनरी घेऊन चाचपडत होतो. तिथून मराठी पुस्तकं टाकायचं डोक्यात आलं, आणि खरी मारामारी तिथं सुरू झाली.

मराठी पीडीएफ दोन जातीच्या मिळतात. एक स्कॅन केलेली, ती ह्या पडद्यावर वाचणं म्हणजे औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचणं. दुसरी जुन्या डीटीपी, म्हणजे छपाईवाल्यांच्या फाँटातली, ती नुसती बघायला मराठी असते, आत सगळी इंग्रजी अक्षरं भरलेली, कन्व्हर्ट केलं की नुसता कचरा निघतो. ह्याला मशीनचा दोष नाही म्हणता येणार, पण भोगायचं आपणच.

कॅलिबर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, कोविद गोयल ह्यांनी २००६ साली सुरू केलेलं, अजून चालू आहे आणि ह्या मशिनीपेक्षा जास्त कौतुक मी त्याचंच करीन. दिसायला जुन्या सरकारी वेबसाईटसारखं आहे, पण ईपबच्या, म्हणजे ई-पुस्तकाच्या फाईलच्या पोटात शिरून दुरुस्ती करता येते, मालिकेतल्या पुस्तकांना क्रमांक देता येतात, मधल्या कथेला दीड नंबर पण देता येतो. त्यातून मी फाँट बदलला, कारण मशिनीचा स्वतःचा फाँट हिंदी वळणाचा, ल आणि श बघून डोळ्यात कुसळ गेल्यासारखं व्हायचं. आणि ऱ्य! दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, एवढा फरक मशिनीला कळेना, दऱ्याखोऱ्यांच्या जागी अर्धा र तुटून बाजूला पडायचा. नंतर समजलं की हे अक्षर टाईप करायच्या दोन पद्धती आहेत, एक जोडाक्षरात अदृश्य खूण घालून, एक खाली टिंब असलेला ऱ वापरून, दिसायला सारखंच, पण एका पद्धतीनं शोधलं तर दुसरं सापडत नाही. सगळीकडं एकच पद्धत करून टाकली, दोन रविवार गेले.

दुरुस्तीसाठी घेतलेलं पुस्तक नाथमाधवांचं वीरधवल, १९१३ चं. लेखक १९२८ ला गेले, म्हणजे मृत्यूनंतरची साठ वर्षं कधीच उलटली, कॉपीराइटचं झंझट नाही. स्कॅनची पानं गुगल ड्राइव्हवर टाकून डॉक्समध्ये उघडली की मजकूर निघतो, चुकांसकट. पन्नासेक पानं मी स्वतः तपासली, बाकीचं हळूहळू. भाषा जुनी, पल्लेदार वाक्यं, पण खेचून नेतं.

घ्यावा का, तर इंग्रजी वाचणार असाल तर डोळे झाकून घ्या. मराठीच वाचायचं असेल आणि कॉम्प्युटरशी खटपट करायची आवड नसेल तर थांबा, किंवा घरात एखादा खटपट्या भाचा बघून ठेवा. कव्हर त्यांचंच महागडं घेऊ नका, माझ्याचं मॅग्नेट चौथ्या महिन्यात सैल पडलं, आता रबर लावून चालवायलोय. धुळीनं चार्जिंगचं तोंड भरतं, टाचणीनं नाही, सुक्या ब्रशनं साफ करा.

भाचा सुट्टीला आलाय. मी तपासलेली पन्नास पानं त्यानं एका रात्रीत संपवली आणि सकाळी विचारतो, "मामा, पुढचं कधी टाकायलाव?" मशीन रविवारपासून त्याच्याकडंच आहे, मी एसटीत परत फोनवर, आणि काल बोरी गेलेलं पुन्हा कळलं नाही.