लातूरला रिपीटर बॅचला येताय? क्लासइतकीच मेस नीट बघा (ट्युशन एरियातल्या मावशींच्या मेसचा रिव्ह्यू)

नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा रिझल्ट लागला की दरवर्षी लातूरला नवीन पोरं यायला लागतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, क्लास कुठला लावू. क्लासचं सांगणारे ढीगभर आहेत, मेसबद्दल कुणी धड लिहीत नाही. मी ड्रॉपचं वर्ष, म्हणजे नीट पुन्हा द्यायला थांबलो ते २०२४-२५, ज्या मेसवर काढलं तिच्याबद्दल लिहितोय. माझा गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेजला नंबर लागला त्यात या मेसचा वाटा क्लासपेक्षा कमी नाही, हे मी मनापासून सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर एवढं कौतुक का करतोय ते कळणार नाही. २०२४ ला मला ५९० पडले. आधीच्या वर्षी एवढ्यात कदाचित काम झालं असतं पण त्या वर्षी मार्कांचा नुसता पूर आला होता, ७२० पैकी ७२० वाले एकदम ६७ जण, मग ग्रेस मार्क, १५६३ जणांची फेरपरीक्षा, पेपर रद्द होणार की नाही याची सुप्रीम कोर्टात सुनावणी, २३ जुलैला निकाल आला की परीक्षा रद्द नाही, तोवर कुणाचं अभ्यासात लक्ष होतं. घरी कोरडवाहू जमीन, सोयाबीन, बाकी काही नाही. पप्पा म्हणाले एक वर्ष अजून करू, पण खर्च जपून.

सुरुवातीला होस्टेलच्या पॅकेजमध्येच मेस होती, वेगळी लावायची सोय नव्हती. तिथं प्यायला जारचं पाणी यायचं, जार उघडाच ठेवलेला, एकच ग्लास सगळे बुडवायचे. ऑगस्टमध्ये ताप सुरू झाला, उतरेचना, डोकं ठणकायचं, जेवण नको वाटायचं, पोट दुखायचं. डॉक्टरांनी विडाल, म्हणजे टायफॉईडची रक्ततपासणी करायला सांगितली, टायफॉईडच निघाला. आमच्याच मजल्यावरची अजून दोन पोरं त्याच आठवड्यात आजारी. बारावीच्या एनसीईआरटीत ह्यूमन हेल्थ अँड डिसीजचा धडा आहे ना, त्यात हीच लक्षणं ओळीने दिलीत, ३९ ते ४० डिग्री ताप, हीच विडाल टेस्ट, आणि पुढे मेरी मॅलन, जी स्वयंपाकीण होती आणि जिच्या हातच्या जेवणातून वर्षानुवर्षं टायफॉईड पसरत राहिला. तो पॅराग्राफ मला तोंडपाठ होता. सलाईन लावून पडल्यावर मात्र तो नुसता चार मार्कांचा प्रश्न राहिला नाही. टेस्ट सिरीजमधल्या टेस्ट बुडाल्या त्या बुडाल्याच, अंगात ताकद यायला महिना गेला. रिपीटरसाठी महिना म्हणजे काय असतं ते रिपीटरलाच माहीत.

मग रूम बदलली आणि एका सिनियरने या मावशींकडे नेलं.

मेसला नाव नाही, बोर्ड नाही. मोठ्या क्लासेसच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर आहे, खाली झेरॉक्सचं दुकान, कुणालाही विचारा दाखवतील. दोन खोल्या, सतरंज्या टाकलेल्या, पंगतीत बसायचं. मी पहिल्या दिवशी ताटाकडे बघितलंच नाही, पाणी बघितलं. मावशी रात्री मोठ्या पातेल्यात पाणी खळखळून उकळतात, सकाळी फडक्याने गाळून तोटीच्या पिंपात भरतात आणि पिंपाला झाकण. ग्लास बुडवायचा विषयच नाही. दारातच बेसिन आणि साबण, हात न धुता कुणी बसलं तर उठवतात, पोरगं कितीही मोठं असो. लातूरला पाण्याचे हाल सगळ्यांना माहीत आहेत, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायला लागलं होतं या शहराला, नळाला रोज पाणी येत नाही, तरी ही बाई पन्नास-साठ पोरांचं पिण्याचं पाणी रोज उकळते, गॅस परवडत नाही म्हणत नाही. मला विचाराल तर पाचपैकी पाच स्टार इथंच संपतात.

आता जेवण. मी होतो तेव्हा दोन वेळचे महिन्याला २९०० होते, आता वाढले असतील. पोळी किंवा ज्वारीची भाकरी, वरण, भात, एक सुकी, एक रस्सा, शेंगदाण्याची चटणी कायम. भाकरी गरम मिळते, जितकी मागाल तितकी. शेपू आणि पालकाचं गरगट्टं फार भारी करतात, वांगं मात्र तेलकट असतं, मला कधीच झेपलं नाही. रविवारी सकाळी धपाटे आणि दही, त्यासाठी रांग लागते. नाष्टा वेगळा, पैसे वेगळे, पण त्यांची सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांची) खाऊन बघाच, सकाळच्या बॅचला पोट जड होत नाही आणि झोप येत नाही. टायफॉईडनंतर मला तिखट-तेल बंद होतं तर महिनाभर माझ्यासाठी बिनफोडणीचं वरण आधीच वाटीत काढून ठेवायच्या, त्याचे जास्तीचे पैसे कधी घेतले नाहीत. ताटात भात उरला की, "का बरं कमी खायलास, पुन्हा ताप आला का रे लेकरा," हे ठरलेलं.

पैशाचं पण सांगतो कारण आमच्यासारख्यांना तेच आधी बघावं लागतं. नियम महिन्याच्या ॲडव्हान्सचा आहे. पण त्या वर्षी गणपतीच्या तोंडावर मराठवाड्यात धो धो पाऊस झाला, आमचं अर्धं सोयाबीन पाण्यात गेलं, जे निघालं ते आडतीला क्विंटलमागे चार हजाराच्या आसपास गेलं, हमीभाव ४८९२ असून. पप्पांनी मावशींना फोन केला, त्या म्हणाल्या दादा माल विकल्यावर द्या. दिवाळी झाली तरी एकदाही पोरांसमोर विषय काढला नाही. फेब्रुवारीत नीटचा फॉर्म सुटला, ओबीसीला फी १६००, नेमके मेसचे पैसे पण तेव्हाच द्यायचे होते, तर "आधी फॉर्म भर, मेस कुठं पळून चालली का," असं म्हणून वहीत माझ्या नावापुढे पुढची तारीख टाकली. त्या वहीत अशी बरीच नावं होती. त्यांचे स्वतःचे मिस्टर हमाली करतात, म्हणजे घरात काही पैसा पडून होता म्हणून उधारी दिली असं अजिबात नाही.

तक्रारी पण आहेत. रात्री साडेआठला बॅच सुटली की एकदम गर्दी होते, अर्धा तास जिन्यात उभं राहावं लागतं. मी जिन्यातच केमिस्ट्रीची शॉर्ट नोट्सची वही काढून बसायचो, पण टेस्ट दुसऱ्या दिवशी असली की जीव वरखाली होतो, तेव्हा टोकन सिस्टीम करायलाच पाहिजे. खाड्याचा नियम कडक आहे, सलग तीन दिवस नसाल आणि आधी सांगितलं असेल तरच पैसे वळते होतात. पंखे दोनच, एप्रिलमध्ये घामाघूम. मुलींसाठी बसायची वेगळी जागा नाही, त्या डबाच नेतात आणि डब्यात भाकरी गार होते. आणि नॉनव्हेज नाही, ज्यांना लागतं त्यांनी आधीच विचार करा.

परीक्षेच्या दिवसाचं सांगायला पाहिजे. २०२५ ची नीट ४ मे ला रविवारी होती, पेपर दोन ते पाच, दीडला गेट बंद, त्यामुळे जेवण फार लवकर उरकावं लागतं. मावशींनी त्या दिवशी धपाटे रद्द केले, पहाटेच उठून मुगाची खिचडी केली आणि नऊपासून पंगती बसवल्या, तेल नाही तिखट नाही. ज्यांचं सेंटर बाहेरगावी होतं त्यांना आदल्या रात्रीच दशम्या बांधून दिल्या. त्या वर्षी पर्यायी प्रश्न बंद झालेले, १८० प्रश्न १८० मिनिटं, आणि फिजिक्सने सगळ्यांनाच रडवलं, बाहेर आल्यावर कित्येक पोरं कट्ट्यावर डोकं धरून बसली होती. मला ५२१ पडले, आधीच्या वर्षीपेक्षा कमी दिसतात पण पेपरच तसा होता, रँक सुधारली आणि सीट मिळाली. दोन वर्षांत पोटाच्या दुखण्यामुळे मागे पडलेली हुशार पोरं मी बघितलीत. ती अभ्यासात कुठंच कमी नव्हती.

म्हणून नवीन पोरांना आणि त्यांच्या आईवडिलांना कळकळीनं सांगतो, क्लासचे होर्डिंग बघताना मेसच्या मोरीत पण जाऊन या. पाणी कुठून येतं, झाकलेलं आहे का, वाढणाऱ्यांचे हात कसे आहेत ते तोंडावर विचारा, लाजू नका. होस्टेलवाला मेस सक्तीची आहे म्हणाला तर एक महिन्याच्या वर पैसे गुंतवू नका.

या मावशींकडे यायचं असेल तर जूनमध्ये लवकर या, बॅच सुरू झाल्या की जागा राहत नाही. दुपारी तीन ते पाचमध्ये जा, तेव्हा त्या मोकळ्या असतात. आधी एक दिवस गेस्ट म्हणून जेवून बघा, पटलं तरच महिना भरा.