स्टॅटिन की कोल्चिसिन?

रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्या मंडळींत हल्ली हा प्रश्न निघतो: हृदयविकार टाळायला यातलं कोणतं औषध घ्यावं? रक्तवाहिनीच्या भिंतीत अडकलेलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी गिळतात. गिळलेलं कोलेस्टेरॉल ते वाहून नेणाऱ्या एचडीएलकडे सोपवणं जमलं नाही की त्या फुगून फेसाळ होतात, दाह वाढतो. स्टॅटिन मूळ एलडीएलच घटवतं: डेसिलिटरमागे ३९ मिलिग्रॅम उतरलं की हृदयविकार-पक्षाघाताचा धोका साधारण पाचव्या हिश्शाने कमी.

कोल्चिसिन हे गाउट या सांधेदुखीवरचं औषध; ते कोलेस्टेरॉलला हात लावत नाही, फक्त दाह शमवतं. २०२० च्या चाचणीत धोका ३१ टक्क्यांनी घटला. पण त्यातले बहुतेक रुग्ण स्टॅटिनवर होतेच! २०२४ च्या चाचणीत, हृदयविकाराच्या झटक्यानंतर लगेच दिल्यावर, फायदा दिसला नाही.

माझं स्पष्ट मत: पाया स्टॅटिनचाच. कोल्चिसिन जोडीला, तेही डॉक्टरांनी मूत्रपिंड तपासूनच.