जुन्या रिसीव्हरवर नवे हेडफोन: कुणाशी जमतं, कुणाशी नाही

निकाल आधीच सांगून टाकते. सत्तरच्या दशकातल्या स्टीरिओ रिसीव्हरला (रेडिओ आणि ॲम्प एकाच खोक्यात) 300 किंवा 600 ओहमचे हेडफोन जोडले तर जोडी झकास जमते. ओहम म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो त्याचं माप. प्लेनर हेडफोनशीही (चुंबकांपाशी पातळ सपाट पडदा हलवणारे) जमते. 32 ओहमचे साधे डायनॅमिक (कॉइलने पडदा हलवणारे) हेडफोन वाजतात भरपूर, पण त्यांचा स्वभाव बदलतो. कानात खोचायचे, आत अनेक ड्रायव्हर (आवाज काढणारे भाग) असलेले इअरफोन मात्र थेट लावूच नयेत. त्यांच्यासाठी एक स्वस्त तोडगा आहे, तो पुढे येईल.

माझा रिसीव्हर काकांकडून आलेला आहे. 30 वॉटचा, लाकडी खोक्यातला, पुढे जाड ॲल्युमिनियमचा दर्शनी भाग, आणि दिवे लागले की ट्यूनरची पट्टी निळसर उजळते. कंपनी कोणती, याला इथे फारसं महत्त्व नाही. मरांट्झ 2230 असो, पायोनियरचा एसएक्स-780 असो की सान्सुईचा 9090, हेडफोनच्या बाबतीत त्या पिढीतल्या बहुतेकांची रीत एकच. माझा मुलगा या खोक्याकडे बघून म्हणतो, "आई, फोनला डोंगल लाव ना, एवढं धूड कशाला?" प्रश्न रास्त आहे. साफ, गोंगाटविरहित आवाज हवा असेल तर डोंगल, म्हणजे फोन आणि हेडफोनच्या मध्ये लावायचं बोटभर लांबीचं आजचं यंत्र, मोजमापात या धुडाला सहज हरवतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रिसीव्हरच्या माहितीपत्रकात 0.5 टक्का विकृती (ॲम्पने आवाजात केलेली मोडतोड) अभिमानाने छापलेली असे. दशक संपेपर्यंत ती 0.1 टक्क्याच्या खाली आली, तरी आजच्या आकड्यांपुढे ती जास्तच.

मग ऐकायचं कशासाठी? त्यासाठी हेडफोनच्या भोकामागे काय आहे ते बघावं लागतं.

आज "हेडफोन ॲम्प" म्हटलं की हेडफोनसाठीच बनवलेलं वेगळं सर्किट डोळ्यांसमोर येतं. जुन्या रिसीव्हरमध्ये तसं काही नसतं. स्पीकरला जाणारा आवाजच दोन रेझिस्टरमधून (वीज अडवणारे छोटे भाग) 6.35 मिलिमीटरच्या जॅककडे वळवलेला असतो, डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला एक. हे रेझिस्टर साधारण 200 ते 500 ओहमचे. माझ्या यंत्राचं झाकण काढल्यावर जॅकपाशी नारिंगी, नारिंगी, तपकिरी पट्टे दिसतात, म्हणजे 330 ओहम. रचना स्वस्त आहे, पण त्यामागचा विचार हुशारीचा. प्लग घालता-काढताना क्षणभर शॉर्ट झालं तरी ॲम्पला धक्का बसत नाही. शिवाय कमी ओहमच्या, चटकन मोठा आवाज देणाऱ्या हेडफोनला आपोआप लगाम बसतो.

आता हिशोब. 8 ओहमवर 30 वॉट म्हणजे सुमारे 15.5 व्होल्ट. 330 ओहमच्या रेझिस्टरमागे 300 ओहमचा हेडफोन लावला तर त्याच्या वाट्याला जवळपास 7.4 व्होल्ट येतात, म्हणजे 180 मिलिवॉटच्या आसपास. 600 ओहमच्या हेडफोनला 10 व्होल्ट, साधारण 167 मिलिवॉट. 32 ओहमच्या हेडफोनला 1.4 व्होल्टच्या आतबाहेर, तरीही 58 मिलिवॉट. आता मुलाच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळालं: 600 ओहमला 10 व्होल्ट देणं लहानशा डोंगलच्या आवाक्यातलं नाही. माझ्याकडच्या बायरडायनॅमिक डीटी 880 च्या 600 ओहमच्या आवृत्तीला हे व्होल्ट मिळाले की ड्रमचा ठोका ठोक्यासारखा लागतो. फोनवर त्याच हेडफोनचा आवाज शेवटच्या रेघेपर्यंत नेला तरी मन भरत नाही.

दुसरं निम्मं उत्तर जास्त गमतीचं. जुन्या रिसीव्हरचा आवाज "उबदार" असतो असं सगळे म्हणतात, आणि श्रेय जुन्या ट्रान्झिस्टरांना, जुन्या कपॅसिटरांना, कधीकधी तर लाकडी खोक्यालाही देतात. हेडफोनपुरतं बोलायचं तर बरंचसं श्रेय त्या 330 ओहमचं आहे. डायनॅमिक हेडफोनचा इम्पिडन्स, म्हणजे त्याचे ओहम, सगळ्या स्वरांना सारखा नसतो. सेनहायझर एचडी 600 वर 300 ओहम लिहिलेलं असतं, पण खर्जात, 100 हर्ट्झच्या आसपास, तो 500 च्याही वर चढतो. मागे मोठा रेझिस्टर असला की जिथे इम्पिडन्स जास्त तिथे हेडफोनच्या वाट्याला व्होल्टही जास्त येतात. 300 आणि 500 चे आकडे धरून गणित केलं तर खर्ज साधारण 2 डेसिबलने उचलला जातो. एचडी 600 चा खर्ज मुळात थोडा हात राखूनच असतो, त्यामुळे ही भर त्याला शोभते. डग्ग्यावरची घिस्सा भरीव होते, तानपुऱ्याचा खर्ज खोलीत पसरल्यासारखा वाटतो, आणि गाणारीचा आवाज जागचा हलत नाही. माझी आवडती जोडी हीच. 30 वॉटच्या खोक्यावर एचडी 600, बास आणि ट्रेबलची बटणं बरोबर मध्यावर.

हेच गणित 32 ओहमच्या हेडफोनला लावून पाहा. त्याचा इम्पिडन्स खर्जात 80 ओहमपर्यंत चढत असेल तर फरक जवळजवळ 7 डेसिबलचा पडतो. याला उबदारपणा म्हणवत नाही, ही सूज आहे. शिवाय ड्रायव्हरचा पडदा थांबवायला ॲम्पची जी पकड लागते ती मधल्या रेझिस्टरमुळे सैल पडते, आणि डबल बेसचा एक स्वर पुढच्या स्वरावर सांडतो. काहींना हे आवडतं. नाचाच्या गाण्यांना मलाही पाच मिनिटं आवडतं, पण निवेदन ऐकायला बसले की माणूस माठात तोंड घालून बोलतोय असं वाटतं.

प्लेनर हेडफोनची गोष्ट निराळी. त्यांचा इम्पिडन्स वरपासून खालपर्यंत जवळपास सपाट असतो, त्यामुळे रेझिस्टर कितीही मोठा असला तरी आवाजाचा तोल तोच राहतो, फक्त पातळी खाली येते. हायफायमॅन सुंदारा 37 ओहमचा आहे. त्याला या जॅकमधून 66 मिलिवॉट मिळतात आणि तेवढे पुरतात. इथे ऐकू येतो तो रिसीव्हरचा खरा आवाज, आणि तो अगदी सरळ, सभ्य असतो, "उबदार" वगैरे काही नाही. माझ्या मते या सगळ्या दंतकथेची परीक्षा घ्यायला प्लेनरइतकं चांगलं साधन नाही.

आता तोडगा. 10 ओहमचे दोन छोटे रेझिस्टर घ्यायचे आणि एका एक्स्टेंशन केबलच्या सॉकेटमध्ये डावं-ग्राउंड आणि उजवं-ग्राउंड असे आडवे टाके मारायचे. पाव वॉटचे चालतात. रिसीव्हरच्या आत हात घालायची गरजच नाही. आता हेडफोनला समोर 330 ऐवजी 10 ओहमपेक्षाही किंचित कमी दिसतात. मघाचा 7 डेसिबलचा फुगवटा सव्वा डेसिबलच्या आसपास उतरतो. व्होल्ट कमी होतात, 32 ओहमला जास्तीत जास्त साडेतीन-पावणेचार मिलिवॉट उरतात, पण 1 मिलिवॉटला 100 डेसिबल देणाऱ्या हेडफोनसाठी ते 105 डेसिबलच्या पुढे जातं. कानांना एवढं झेपत नाही, हेडफोन कसला तक्रार करतोय! संवेदनशील इअरफोनमध्ये मागे जी बारीक शूं ऐकू येते तीही याच फटक्यात बरीच दबते. अनेक ड्रायव्हरच्या इअरफोनला 10 ओहमही जरा जास्तच, पण 330 च्या तुलनेत ते पुन्हा ओळखीचे वाटू लागतात. हीच केबल 300 ओहमच्या हेडफोनला मात्र लावू नका, त्याच्यासाठी आवाज पुरणार नाही.

फोन किंवा डॅक (डिजिटल गाण्याचं विजेच्या आवाजात रूपांतर करणारं यंत्र) जोडायचा तो ऑक्स किंवा टेप-इन लिहिलेल्या भोकात. फोनोमध्ये चुकूनही नको. ती वाट रेकॉर्ड प्लेअरच्या काही मिलिव्होल्टसाठी असते आणि ती खर्ज मुद्दाम वाढवते. ऑक्सलाही जपावं लागतं. त्या काळी तिथे साधारण 150 मिलिव्होल्ट अपेक्षित होते, आजचा डॅक 2 व्होल्ट फेकतो. परिणामी व्हॉल्यूमचं बटण जरासं फिरवलं की आवाज अंगावर येतो, आणि बटणाच्या त्या अगदी तळच्या भागातच जुन्या पोटेन्शिओमीटरचे (बटणामागचा आवाज कमी-जास्त करणारा भाग) डावे-उजवे ट्रॅक एकमेकांशी जुळत नाहीत. गाणारी डाव्या कानात सरकते. डॅकचा किंवा फोनचा आवाज 15-20 डेसिबल खाली आणा, बटण मध्यापर्यंत येऊ द्या, गाणारी जागेवर येते.

बटणांबद्दल थोडं भरभरून बोलते, कारण या खोक्याची खरी मिजास तिथे आहे. फोनवरच्या इक्वलायझरमध्ये बोटाने रेघ ओढणं वेगळं, आणि जड बटण टक् टक् करत एक घर पुढे नेणं वेगळं. भडक रेकॉर्डिंग लागलं की ट्रेबल एक घर खाली, गाणं बदललं की परत वर. पडद्याकडे बघावंसुद्धा लागत नाही. मोनोचं बटण तर हेडफोनसाठी वरदान आहे. साठच्या दशकातल्या ज्या रेकॉर्डिंगमध्ये वाद्यं एका कानात आणि गायक दुसऱ्या कानात कोंबलेला असतो, ती मोनोत ऐकून बघा, डोकं दुखायचं थांबतं. लाउडनेसचं बटण मात्र सांभाळून. कमी आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये मोजून मांडलं, आणि हे बटण ती तूट भरून काढतं. पण किती भरायचं हे ते व्हॉल्यूमच्या बटणाच्या स्थितीवरून ठरवतं, तुमच्या कानातल्या खऱ्या पातळीवरून नाही. हेडफोनवर हा अंदाज बहुधा चुकतो. मी ते बंदच ठेवते.

प्लेनरचे काही शौकीन जॅक सोडून थेट स्पीकरच्या टर्मिनलवर जातात. हायफायमॅनचा एचई-6 यासाठी प्रसिद्ध आहे. 50 ओहमचा, आणि 1 मिलिवॉटला जेमतेम 83.5 डेसिबल देणारा. टर्मिनलवरून त्याला 30 वॉटच्या रिसीव्हरमधून पावणेपाच वॉटपर्यंत मिळू शकतात. मी हे करत नाही. मधला रेझिस्टर गेला की संरक्षणही गेलं. म्हाताऱ्या ॲम्पच्या आउटपुटवर थोडं डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) असतंच, आणि ते थेट हेडफोनच्या कॉइलमध्ये जातं. करायचंच असेल तर चार वेगळ्या तारांचा बॅलन्स्ड हेडफोन हवा. डाव्या-उजव्याच्या काळ्या तारा एकत्र जोडणारा साधा प्लग काही ॲम्पना जाळू शकतो.

नुसत्या हेडफोनसाठी असा रिसीव्हर विकत घ्यावा असं मी म्हणणार नाही. घरात असेल, किंवा स्पीकरसाठी घेणारच असाल, तर हा जॅक म्हणजे वरचा नफा. बघायला जाताना स्वतःचा हेडफोन, 6.35 चा अडॅप्टर आणि मल्टिमीटर बरोबर न्या. मागे व्होल्टेज सिलेक्टर आहे का आणि तो तुमच्या विजेला जुळतो का, ते प्लग लावण्याआधी पाहा. 100 किंवा 120 व्होल्टचं यंत्र 230 वर लावलं तर पुढची परीक्षा घ्यायची वेळच येणार नाही. चालू करून पंधरा-वीस मिनिटं तापू द्या. मग व्हॉल्यूम शून्यावर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मोजा. 50 मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. त्यानंतरच हेडफोन लावा. शून्यावरही घूं घूं ऐकू आली तर पॉवर सप्लायचे कपॅसिटर थकलेत असं समजून चाला, आणि तो खर्च धरूनच बोलणी करा. बटणं फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा बहुतेक वेळा पुरतो. एक कान मधूनच बंद पडत असेल तर आधी टेप मॉनिटरचं (टेपचा आवाज ऐकण्यासाठीचं) बटण दोन-चारदा दाबून बघा. वर्षानुवर्षं न दाबलेल्या स्विचच्या आत काळं साचतं आणि दोष बिचाऱ्या ॲम्पवर जातो.