एअर कूल्ड चिलर आणि उसाची काजळी : कुपवाड एमआयडीसीतला अनुभव

आमचं इंजेक्शन मोल्डिंग, म्हणजे साच्यात (मोल्डमध्ये) वितळलेलं प्लास्टिक दाबून डबे काढायचे. मोल्डला फिरणारं पाणी थंड करायला १० टनी (टन म्हणजे इथे थंड करायची ताकद) एअर कूल्ड चिलर, म्हणजे आपली उष्णता फॅनने हवेत सोडणारा, घेऊन वर्ष होत आलं. ती उष्णता पाण्यात आणि मग कूलिंग टॉवरवर सोडणारा वॉटर कूल्ड वीज कमी खातो, मान्य. पण १० टनाला तासाला ६०-६५ लिटर पाणी नुसतं वाफ होऊन जातं, ब्लोडाऊन (क्षार साठलेलं पाणी काढून टाकणं) वेगळंच. त्यात आमचं बोअरचं पाणी असं, की चहाच्या पातेल्यालाही पांढरा थर धरतो. म्हणून हवेवरचा घेतला.

गळीत हंगाम सुरू झाला आणि भर दुपारी चिलर हाय प्रेशरवर ट्रिप व्हायला, म्हणजे आतल्या गॅसचा दाब वाढून आपोआप बंद पडायला लागला. आसपासच्या फडात पाचट पेटवलं की काजळी उडत येते, ती सगळी कंडेन्सरच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या) फिन्समध्ये, म्हणजे पातळ पत्र्यांच्या फटीत. बॅटरी मारली तर पलीकडे उजेड दिसेना. सर्व्हिसवाल्याने बाहेरून एअर गन मारली, म्हणजे होती ती काजळी आणखी आत. वर म्हणतो, गॅस कमी झालाय. अहो, गॅस कमी असता तर लो प्रेशरवर ट्रिप झाला असता ना? व्हिजिट चार्ज मात्र लावला, 'धूळ वॉरंटीत येत नाही' म्हणून. ते बिल मी अजून दिलेलं नाही.

शेवटी वरचा फॅन काढून आमच्या ऑपरेटरने आतून बाहेर साध्या नळीने पाणी मारलं. डांबरासारखं काळं पाणी निघालं. (गाडी धुवायचा पंप लावू नका, फिन्स आडव्या होतात.) ट्रिप बंद. आता पुढे खिडकीची जाळी बसवलीय, हंगामात ती रोज झटकायची.

'एअर कूल्ड घेऊच नका' असं उन्हाळ्यात लिहून ठेवलं होतं. पावसाळ्यात राग जरा उतरला, कारण चिलर बंदच ठेवला! दमट हवेत १२ अंशाच्या पाण्याने मोल्डला घाम सुटतो, डब्यांवर डाग पडतात. मग मशिनचं ऑईल थंड करायला जो कूलिंग टॉवर आधीपासून आहे, त्याचंच पाणी मोल्डला फिरवलं. टॉवरचं पाणी वेट बल्बच्या (ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरच्या तापमानाच्या) खाली जात नाही, तीन-चार अंश वरच राहतो. पीपीच्या (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकच्या) डब्यांना तेवढं पुरलं. सायकल (एक डबा निघायचा वेळ) थोडी वाढली, पण तासाला १०-१२ युनिट वाचले. क्षाराची भीती होती, तर पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाकीत घेतलं. फुकट!

नव्या मशिनसाठी टॉवर आणि सॉफ्टनरचं (पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्राचं) कोटेशन मागवलंय. चिलरवाला अजून फोन करून टनेज सांगतो. मी एवढंच विचारतो, फॅन किती बोल्टवर निघतो? त्यावर 'कळवतो साहेब' म्हणाला, तो अजून कळवतोच आहे.