‘आमची स्वतःची सिस्टिम’ सांगून फुकटातलं सॉफ्टवेअर गळ्यात मारलं

सावंतवाडीत माझं देवघरं आणि दरवाज्यांच्या कोरीवकामाचं छोटं वर्कशॉप आहे. गेल्या वर्षी सीएनसी राऊटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी कोरीवकामाची मशीन घेतली. मशीन चांगली निघाली, फसलो तो तिच्या कॉम्प्युटरात. कुडाळ-रत्नागिरीकडे बरेच जण आता अशा मशिनी घेतायत, म्हणून सविस्तर लिहितो.

विक्रेता म्हणाला, "विंडोजच्या भानगडीत पडू नका. ही आमच्या कंपनीची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम." विंडोजबद्दल तो जे बोलला त्यात तथ्य होतं, तिथेच माझा विश्वास बसला. मशीन चालवायचं मॅक-३ हे सॉफ्टवेअर पॅरलल पोर्टवर (पूर्वी प्रिंटर जोडायचे ती जुनी खाच) चालवायचं तर ३२ बिटचं जुनं विंडोज लागतं, आणि विंडोज ७ चा सपोर्टसुद्धा १४ जानेवारी २०२० ला संपला. सिस्टिमचे ३८,००० रुपये घेतले, शिवाय दरवर्षी ९,००० ‘लायसन्स रिन्यूअल’. बिलावर फक्त ‘कॉम्प्युटर व ॲक्सेसरीज’. ते मी नीट वाचलंच नाही.

गणपतीच्या तोंडावर फणसाच्या फळीवर कमळ कोरत होतो. शेवटची फेरी चालू असताना आमचा कामगार ओरडला, "अण्णानू, कमळ सरकला हा!" आतली पाकळी बाहेरच्या रेषेवर चढली होती, चांगली तीन मिलिमीटर. त्याआधी स्क्रीनवर ‘अनएक्स्पेक्टेड रिअलटाइम डिले’ असा मेसेज येऊन गेला होता. विक्रेत्याला फोन केला तर उत्तर, "ओके दाबा, तुमच्याकडे व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे." पावसात आमची लाइट जाते-येते हे खरंच, म्हणून स्टॅबिलायझर घेतला. तरी चार फळ्या गेल्या. तसं मुरलेलं फणसाचं लाकूड पैसे देऊनही पटकन मिळत नाही.

चतुर्थीला भाचा आला, तो डिप्लोमा करतो. त्याने हेल्प मेनू उघडला आणि म्हणाला, "मामा, हे लिनक्ससीएनसी आहे." अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेत सुरू झालेल्या कामातून आलेलं मशीन चालवायचं सॉफ्टवेअर, जीपीएल या मुक्त परवान्याचं, कोणालाही फुकट उतरवून घेता येतं. ते पैसे घेऊन बसवून देण्यात काही चूक नाही, मजुरी मी आनंदाने दिली असती. पण सुरुवातीच्या स्क्रीनवर स्वतःचा लोगो चिकटवून, नसलेल्या लायसन्सचे दरवर्षी पैसे मागणं ही सरळ लबाडी आहे.

आणि बसवलं होतं तेही अर्धवट. मशीन सरकवणाऱ्या स्टेपर मोटरला पल्स (विजेचे ठोके) अगदी वेळेवर जावे लागतात, नाहीतर नक्षी सरकते. त्यासाठी रिअलटाइम कर्नल, म्हणजे ठरल्या क्षणी काम करणारा सिस्टिमचा गाभा लागतो. विक्रेत्याने साधाच ठेवलेला. भाच्याने कॉम्प्युटरला किती उशीर होतो ते मोजणारी लेटन्सी टेस्ट लावली, बरोबर मोठ्या फायली कॉपी केल्या, खिडक्या इकडेतिकडे ओढल्या. आकडा २ लाख नॅनोसेकंदांच्या वर गेला. पॅरलल पोर्टवरून पल्स द्यायचे तर १५-२० हजारांपर्यंत उत्तम, एक लाखापुढे तो पीसी या कामाचा नाही. रिअलटाइम कर्नल टाकला, बायोसमधलं (पीसीच्या मूळ सेटिंगमधलं) पॉवर सेव्हिंग बंद केलं, तोच पीसी १८ हजारांवर आला. त्यानंतर एकही फळी गेली नाही.

मशीन घ्यायला जाल तेव्हा ही टेस्ट समोर अर्धा तास चालवायला लावा, आणि सॉफ्टवेअरचं खरं नाव बिलावर लिहून घ्या. यंदाचे ९,००० मी दिले नाहीत. सिस्टिम लॉक होईल असं विक्रेता म्हणाला होता, ती चालूच आहे. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार केली आहे, पण ३८,००० सिस्टिमचेच होते हे दाखवायला माझ्याकडे कागद नाही.